कोपीतलं उत्तर

मुलींची झडती घ्यायला बाई लागते, एवढ्या एका कारणासाठी मला पहिल्यांदा भरारी पथकात घेतलं. परीक्षेच्या दिवसांत जीपमधून फिरायचं, न कळवता केंद्रावर उतरायचं आणि कॉपी पकडायची, हे पथकाचं काम. पुरुष सदस्य मुलांचे खिसे तपासायचे. मुलींच्या बाबतीत त्यांची पंचाईत व्हायची, म्हणून एक मॅडम हवी. मी तेव्हा नोकरीत नवीन होते, नाही म्हणायची सोय नव्हती. पण तीन-चार वर्षांत माझं नाव झालं. जीप फाटकात शिरली आणि ‘इंग्रजीच्या मॅडम आल्यात’ असं कुणी म्हणालं, की शाळेमागच्या ओढ्यात चिठ्ठ्यांचा खच पडायचा. मी हे अभिमानानं सांगते आहे, हे कबूल करते.

चिठ्ठी कुठे असते हे मला पाहताक्षणी कळायचं. काचेच्या बांगड्यांच्या आतून गुंडाळलेली. पाण्याच्या बाटलीच्या लेबलावर मागच्या बाजूनं लिहिलेली. एकदा एका मुलाच्या हाताला प्लास्टर होतं, सोबत डॉक्टरांचा दाखलाही होता. मी त्याला म्हटलं, ‘बाळा, पेपर उजव्या हातानं लिहितोस आणि प्लास्टरही उजव्याच हाताला, मग बोटं इतकी चपळ कशी?’ तो रडायलाच लागला. एक आई रोज मुलीचा डबा घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी मी पोळीची घडी उलगडली. आई शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, भाजी नव्हती, म्हणून हे दिलं.’

पण चिठ्ठी पकडणं हे या धंद्यातलं सोपं काम. खरी कसोटी पेपर तपासताना लागते. दोन मुलांनी बरोबर उत्तर सारखंच लिहिलं, तर काही सिद्ध होत नाही. दोघांनी चूक सारखी केली, तर मात्र ती कुठून तरी आलेली असते. एका वर्षी नऊ मुलांनी एका कवीला जन्माआधीच वारलेला दाखवला होता. गाइडात छापण्याची चूक झाली होती, आणि नऊही जणांनी ती इमानदारीनं उतरवली होती. तेव्हापासून मी वर्गात सांगायचे की मी तुमची उत्तरं वाचत नाही, तुमच्या चुका वाचते. मुलं हसायची. मी हसत नसे.

असा डोळा तयार झाला की तो घरी ठेवून येता येत नाही. भाजीवाला, रिक्षावाला, भाचीचं सासर, सगळीकडे मला चिठ्ठी दिसायची. माझे मिस्टर म्हणायचे, ‘तू चर्चमध्येसुद्धा लोकांच्या बाह्या बघतेस.’

नोकरीची शेवटची वर्षं मी तिसगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात काढली. मी मूळची श्रीरामपूरची. महिन्यातून एकदा घरी जायचे, एरवी तिथेच खोली करून राहायचे. त्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलपात असतात. माणसं प्रवरेच्या पट्ट्यात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलं काही आजीकडे, काही वसतिगृहात, काही आईबापांसोबत. हजेरीपटावर दिवाळीनंतर लाल शाईच जास्त.

बारावीला इंग्रजीत कादंबरीचा विभाग असतो. त्याची सवय अकरावीपासून व्हावी म्हणून मी एका जुन्या परदेशी कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती वर्गाला लावून घेतली. मुद्दाम अशी निवडली, की जिचं गाइड बाजारात नाही. गोष्ट साधी आहे. एका गावात दर हंगामाला कापणीसाठी बाहेरून गडी येतात. एका वर्षी मोठ्या जमीनदाराची गवताची गंजी पेटते आणि बाहेरच्या एका गड्यावर आळ येतो. तो बाहेरचा आहे, एवढाच पुरावा गावाला पुरतो. गंजी जमीनदाराच्या धाकट्या मुलानं पेटवलेली असते आणि ते त्याच्याच नऊ वर्षांच्या पुतणीनं पाहिलेलं असतं. खटला चालतो. गडी कोर्टात स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. त्याला शिक्षा होते. मुलगी मोठी होते आणि आपण तेव्हा काय पाहिलं, काय बोललो, काय बोललो नाही, हे सांगते.

न्याय, पूर्वग्रह आणि मोठं होणं, असे तीन मुद्दे मी फळ्यावर लिहिले आणि दोन महिने मन लावून शिकवले. गडी गप्प का राहतो, याचं उत्तर कादंबरीत दिलेलं नाही. मी वर्गात सांगितलं, ‘स्वाभिमानामुळे. जे न्यायालय आपलं नाही, त्याच्यासमोर तो तोंड उघडत नाही.’ हे सांगताना माझा आवाज थोडा भरून यायचा. दरवर्षी त्याच जागी.

रेणुका त्याच वर्गातली. दिवाळीपर्यंत दुसऱ्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही. मग तिच्या आईच्या हाताला कोयता लागला. तोडीचं काम नवरा-बायकोच्या जोडीनं होतं, एक हात गेला की जोडीचं काम थांबतं. आई वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करण्याचं, मोळ्या बांधण्याचं हलकं काम करील आणि भाकरी-पाण्याला रेणुका, असं ठरलं आणि ती आईबापांसोबत कोल्हारकडे गेली. जाताना पुस्तक मागायला आली. मी दिलं, पण रजिस्टरमध्ये तिची सही घेतली आणि मनात म्हटलं, गेलं हे पुस्तक.

वार्षिक परीक्षेला ती एकटीच एसटीनं परत आली आणि गावात आत्याकडे उतरली. रंग रापला होता, हाताला पाचटाचे ओरखडे होते. इंग्रजीच्या पेपरला वर्गाच्या दारात मी मुलींची झडती घेत होते. तिची मी दोनदा घेतली. तिच्या पुढच्या मुलीची एकदा, मागच्या मुलीचीही एकदाच. काही सापडलं नाही. तेव्हा मला ते लक्षातही आलं नव्हतं. पुढे रेणुकानंच मला सांगितलं, की ती मोजत होती.

पेपर तपासायला बसले. ‘गडी कोर्टात गप्प का राहतो?’ असा प्रश्न होता. बऱ्याच जणांनी माझा स्वाभिमान लिहिला होता. सहाव्या की सातव्या पेपरात वेगळंच काही दिसलं. ‘त्याला पुढच्या वर्षी पुन्हा याच गावात कामाला यायचं आहे. तो खरं बोलला तर गाव त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना कामाला लावणार नाही. तो एकटा नाही, त्याची टोळी आहे.’ मी थांबले. चष्मा काढून पुसला. उत्तर चांगलं होतं. माझ्या उत्तरापेक्षा चांगलं होतं, आणि माझं मन लगेच म्हणालं, हे या मुलाचं नाही.

पुढचा गठ्ठा चाळला. तेच वाक्य. पुन्हा तेच. एकूण बारा पेपर निघाले. अकरा मुलं एकाच खाजगी क्लासची होती, गिरमे सरांच्या. बारावा पेपर रेणुकाचा. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, क्रियापदं चुकलेली. बाकी अकरा जणांचं व्याकरण स्वच्छ. मी निष्कर्ष काढला: मूळ उत्तर गिरमे सरांच्या नोट्समधलं, आणि रेणुकानं ते कुणाच्या तरी पेपरातून घाईघाईत उतरवलं. घाईत उतरवताना व्याकरण जातं, हा माझा अनुभव.

गिरमे सरांना मी रस्त्यात गाठलं. तरुण माणूस, बोलायला गोड. म्हणाले, ‘हो मॅडम, माझ्याच नोट्स. मुलांसाठी रात्रंदिवस एक करतो.’

मी विचारलं, ‘मग गडी गप्प का राहतो?’

ते क्षणभर अडखळले आणि म्हणाले, ‘स्वाभिमान, मॅडम. न्यायालय त्याचं नाही.’

माझंच वाक्य. त्यांच्या स्वतःच्या नोट्समध्ये जे लिहिलेलं आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. तीस वर्षं चुका वाचणाऱ्या बाईला एवढं पुरायला हवं होतं. मी ऐकलं, मला खटकलंही, आणि मी ते बाजूला ठेवलं. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: क्लासला न जाणाऱ्या, चार महिने वर्गात नसलेल्या पोरीच्या हातात ते आलं कसं. मी प्राचार्यांकडे लेखी अहवाल दिला. त्यात अकरा नावं नव्हती. नोट्स पाठ करणं हा गुन्हा नाही. त्यात एकच नाव होतं.

प्राचार्य शेळके सर सज्जन माणूस, पण प्रकरण लवकर मिटवावं या मताचे. त्यांच्या खोलीत रेणुकाला बोलावलं. आत्या बाहेर बाकावर बसली. सर जबाब लिहायला बसले आणि प्रश्न मी विचारले.

‘हे उत्तर कुठून आणलंस?’

‘कोपीतून.’

सरांनी लिहिलं. मी मान हलवली. इतक्या लवकर कबुली मला क्वचित मिळाली होती.

‘कुणी दिलं?’

‘कुनी न्हाई दिलं. तिथंच पाठ झालं, रोज बोलून बोलून.’

‘म्हणजे चिठ्ठी वर्गात आणली नव्हतीस?’

‘न्हाई. तुमी दोनदा बघितलंत ना मॅडम.’

सरांनी कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. मुलं असे कागद वाचत नाहीत, सरळ सही करतात. तिनं वाचला. बोट ठेवून, ओळ न् ओळ. मग म्हणाली, ‘सर, हे चुकलंय. कॉपी न्हाई. कोपी. आमी राहतो ती.’

ऊसतोडीची माणसं चटया आणि पाचट लावून जी झोपडी उभारतात, तिला कोपी म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या भागात इतकी वर्षं काढल्यावर कुणालाही माहीत असतं. पण त्या खोलीत त्या क्षणी मला दुसराच शब्द ऐकू आला होता, आणि सरांनाही.

‘बरं, ठीक आहे, अर्थ तोच,’ सर म्हणाले.

‘अर्थ तोच न्हाई, सर.’ तिनं टेबलावरचं पेन घेतलं, ‘कॉ’वरचा अर्धचंद्र खोडला, तिथे मात्रा काढली, आणि मग सही केली.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, पोरगी पोहोचलेली आहे. सापडल्यावर शब्दाच्या आडोशाला गेली. मी म्हटलं, ‘कोपीत इंग्रजी कादंबरीची उत्तरं मिळतात का?’

तिनं पेन टेबलावर जागच्या जागी ठेवलं. तिचा निकाल राखून ठेवण्यात आला. बाहेर आत्या मला म्हणाली, ‘मॅडम, वर्ष गेलं तर हिचा बाप हिला पुन्हा शाळंत घालायचा न्हाई. पाव्हणे येऊन गेलेत. पुढल्या साली दुसऱ्याच कुनाचा कोयता होईल ही.’ लग्न करून नवऱ्याबरोबर तोडीला जाणं म्हणजे कोयता होणं. मी म्हटलं, ‘नियम सगळ्यांना सारखा आहे.’

गुड फ्रायडेची सुट्टी लागली आणि मी श्रीरामपूरला निघाले. गाडीत बसल्यावर मला माझी गोष्ट आठवत राहिली. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. दहावीच्या चाचणीत मला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बसवून मला पुन्हा निबंध लिहायला लावला होता. ‘मिशनच्या कुणीतरी आधीच सांगितलं असेल’ असं एक सर माझ्यासमोरच बोलले. मी लिहिला, पहिल्यापेक्षा चांगला लिहिला, आणि त्यांनी मान्य केलं. त्या अपमानातून मी काय शिकले असेन, तर तपासलं की खरं बाहेर येतं. तपासणाऱ्यांवर मी चिडले नाही, मी त्यांच्यासारखी झाले. आणि आता मला एवढंच टोचत होतं, की मला निदान पुन्हा लिहायला तरी दिलं होतं. रेणुकाला मी तेवढंही दिलं नव्हतं.

कोल्हार आलं तशी मी उतरले. दया आली म्हणून नव्हे. मला पडताळून बघायचं होतं. एका रसवंतीवाल्याला विचारलं, त्यानं नदीच्या अंगाला बोट दाखवलं. हंगाम संपत आला होता, निम्म्या कोप्या मोडून गेल्या होत्या. ऊन उतरत होतं आणि बाया चुली पेटवत होत्या. रेणुकाच्या बापाचं नाव सांगितल्यावर एका पोरानं मला एका कोपीपुढे नेऊन सोडलं. आई मंदाबाई दगडावर बसून एका हातानं पीठ मळत होती. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांना वाक राहिला होता.

मी रेणुकाची शिक्षिका असल्याचं सांगितलं नाही. म्हटलं, ‘मी सर्वेक्षणाला आलेय. मुलं शाळेत जातात का, घरी काही वाचतात का, ते विचारायला.’ इतकी वर्षं खोटं पकडणारी मी बिनदिक्कत खोटं बोलले आणि चुलीपाशी टेकले.

‘पोरगी हाय, अकरावीला,’ मंदाबाई म्हणाली. ‘गावाला गेलीय परिक्षेला.’

‘इथे असताना अभ्यास करायची?’

‘करायची की. एक विंग्रजी पुस्तक हुतं तिच्याकडं. भाकरी थापताना वाचायची आन् आमाला मराठीत सांगायची. शेजारच्या कोपीतल्या बी बाया यायच्या. लई दिवस चालली ती गोष्ट.’

‘कसली गोष्ट?’

तिनं पीठ मळता मळता सांगितली. गंजी, गडी, कोर्ट, ती लहान पोर. नावं बदलली होती, जमीनदाराचा पाटील झाला होता, पण एक धागा सुटला नव्हता. मी विचारलं, ‘पण तो गडी कोर्टात बोलला का नाही? त्यानं तर काही केलं नव्हतं.’

‘बोलून कसं भागंल?’ ती म्हणाली. ‘पुढल्या साली परत त्याच गावात जायचंय ना त्याला. त्यो एकटा थोडाच हाय. त्यानं मालकाच्या पोराचं नाव घेतलं तर समदी टोळी हाकलतील. पोरीला बी आदी कळंना. मॅडमनी दुसरंच सांगितलंय म्हनली. मी म्हनलं, तुझ्या मॅडम कवा तोडीला गेल्यात?’

मी चुलीत एक काटकी सरकवली. मग विचारलं, ‘हे तिनं कुठे लिहून ठेवलंय का?’

मंदाबाईचे हात थांबले. तिनं मला नीट पाहून घेतलं. ‘तुमी सर्वेवाल्या न्हाई,’ ती म्हणाली. ‘त्यांना आधार कार्ड लागतं. गोष्ट कुनी इचारत न्हाई. तुमी तिच्या विंग्रजीच्या मॅडम हाय.’

‘हो,’ मी म्हटलं.

‘तिनं फोनवर सांगितलं समदं.’

ती आत गेली. मला वाटलं आता मला जायला सांगेल. ती पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन आली, माझ्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर उघडली. चार पानं होती. तेच तोडकंमोडकं इंग्रजी, काटछाट केलेलं, पिठाची बोटं उमटलेली. आणि समासात प्रत्येक उत्तराशेजारी बारीक अक्षरात मराठीत लिहिलेलं. एका ठिकाणी ‘हे मॅडमनी सांगितलं.’ एका ठिकाणी ‘हे माझं.’ गड्याच्या उत्तराशेजारी ‘हे आई म्हणते.’

कोणतं कुणाकडून घेतलं हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी मी तोवर पाहिला नव्हता. शिक्षकही फारसे पाहिले नव्हते.

‘वही द्याल मला? प्राचार्यांना दाखवते.’

‘न्हाई. एकदा दिली तर हे झालं. त्या शीतलला हिनं फोटू पाठवले. शीतल हिला वर्गातलं पाठवायची, म्हनून हिनं बी पाठवले. तिथनं ते कुठं कुठं गेले. आता वही कुनाच्या हातात द्यायची न्हाई, असं सांगितलंय तिनं.’

‘फोटो काढू?’

तिनं विचार केला. ‘येवढ्या एका पानाचा काढा. माझ्यासमोर.’

मी काढला. तिनं मोबाईल मागून घेऊन एकच निघाला आहे ना, ते बघितलं. मग चहा टाकला. बिनदुधाचा होता. माझ्या आयुष्यात मी इतक्या अवघडून चहा प्यायले नाही.

सुट्टी संपल्यावर शीतलला विचारलं. शीतल रेणुकाची मैत्रीण, गिरमे सरांच्या क्लासला जाणारी. तिनं सगळं सांगितलं. तिच्या मोबाईलवरची पानं सरांनी पाहिली, ‘छान आहे, दे’ म्हणाले, व्याकरण सुधारून टाइप केलं आणि झेरॉक्स वाटल्या. समास अर्थातच कापला. मी शेळके सरांपुढे फोटो ठेवला, सगळी हकिकत सांगितली आणि माझा अहवाल चुकला, असंही म्हटलं. तोंडानं म्हटलं.

सरांनी फोटो बघून मोबाईल माझ्याकडे सरकवला. अकरा मुलांचे पालक, त्यात एक शाळेच्या स्थानिक समितीवर. गिरमे सर कुणाचे तरी भाचे. शेवटी ते म्हणाले, ‘मॅडम, तो प्रश्नच रद्द करू. सगळ्यांना सरसकट सारखे गुण. मुलगी पास होते ना? मग झालं.’

‘आणि तिच्यावरचा ठपका?’

‘समज देऊन प्रकरण बंद, असं लिहू.’

‘समज कशाबद्दल, सर? तिनं काहीच केलेलं नाही.’

‘असं काही लिहिल्याशिवाय तुमचा अहवाल निकाली कसा काढायचा? की तुम्ही लेखी देताय, तुमची चूक झाली म्हणून? मग ते वर जाईल. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.’

मी वर्गात दोन महिने शिकवलं होतं, की त्या गावातल्या एकाही माणसाला गड्याचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. प्रत्येकाला फक्त आपापलं प्रकरण बंद करायचं होतं. हे मी फार छान शिकवायचे. मी सही केली.

रेणुका पास झाली. पाव्हण्यांना नाही म्हणून सांगितलं गेलं. आईची बोटं बऱ्यापैकी चालायला लागली आणि बारावीचं वर्ष तिनं आत्याकडे राहून पूर्ण केलं. मी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं की मी चुकले. ती ‘असू द्या, मॅडम’ म्हणाली. तेव्हाच तिनं मला सांगितलं, की दारात ती मोजत होती, इतरांची झडती एकदा आणि तिची दोनदा; तक्रारीसारखं नाही, एखादी माहिती द्यावी तसं.

सराव परीक्षेत बारावीची कादंबरी होती. तिचा पेपर मी सगळ्यांत आधी उघडला. अक्षर सुरेख, व्याकरण निर्दोष. आणि उत्तरं शब्दनशब्द बाजारातल्या गाइडमधली. एक वाक्य इकडचं तिकडे नाही. गाइडात एका ठिकाणी एका पात्राचं नाव चुकलं होतं, तेही तिनं तसंच चुकवलं होतं. पुस्तक तिनं दोनदा वाचलेलं मला माहीत होतं, ग्रंथालयाच्या कार्डावर नोंद होती. नियमाप्रमाणे पाठांतराला मी पूर्ण गुण दिले. न देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बारावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी ती एसटीच्या थांब्यावर उभी दिसली. आत्यासाठी काही औषध आणायला नगरला निघाली होती. मी थांबले.

‘तो पेपर तू गाइडमधून का लिहिलास?’

‘गुन मिळाले ना, मॅडम.’

‘गुणांचं नाही विचारत मी. नाव चुकलंय हे तुला कळलं होतं.’

‘कळलं हुतं,’ ती म्हणाली. ‘पन बरोबर लिहिलं असतं तर तुमी विचारलं असतं, कुठनं आणलं.’

रस्त्यावर धूळ उडत होती. मी म्हटलं, ‘रेणुका, पुन्हा स्वतःचं लिही. बोर्डाच्या पेपरात नको लिहूस हवं तर, पण लिही.’

‘लिहिते की.’

‘कुठे?’

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि अंगाशी धरली. गाडी येताना दिसत होती.

‘ते न्हाई सांगायची मी, मॅडम,’ ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं. मग वाकून माझ्या पाया पडली आणि गाडीत चढली.